हरेपर्यंतचा मुक्काम

"अहो, त्या संघात कोण आपल्या नात्यातलं खेळतंय? या आता घरी!" सांगलीहून आई फोनवर करवादली.

"हरले की लगेच निघतो," म्हणत बाबांनी विमानाचं तिकीट दुसऱ्यांदा पुढं ढकललं.

अमेरिकेत हेमांगीकडे ते तीन महिन्यांसाठी आले होते. उभी हयात खो-खोचे पंच म्हणून काढलेली. बेसबॉल त्यांनी आठवडाभरात विटीदांडूच्या हिशेबात बसवला. त्यात हेमांगीच्या शहराचा संघ कधी नव्हे तो जिंकत सुटला. रोज संध्याकाळी चहा घेऊन बापलेक टीव्हीसमोर बसायचे. "डोळे तपासून घे रे, गाढवा!" बाबा तिथल्या पंचावर ओरडायचे. हेमांगीला खेळातलं फारसं कळत नव्हतं. संघ जिंकतोय तोवर बाबा इथं आहेत, एवढं मात्र पक्कं कळत होतं.

ऑक्टोबरात, अंतिम फेरीच्या एक पायरी अलीकडे, संघ हरला. शेवटचा उंच टोला समोरच्या खेळाडूनं अलगद झेलला आणि हेमांगीला रडू आवरेना.

"अगं वेडे, खेळ आहे तो," बाबा तिच्या पाठीवर थोपटत म्हणाले. "पुढच्या वर्षी जिंकतील. मी येतोच की बघायला."

तिनं मान हलवली. ती संघासाठी रडतेय, असंच त्यांना वाटू दिलं.

फेब्रुवारीत सांगलीत बाबा वारले. यंदा संघ जवळजवळ रोज हरतो. हेमांगी एकही सामना चुकवत नाही.