वाण

संक्रांतीचं हळदीकुंकू. पिंपळे सौदागरच्या त्या सोसायटीत बाकीच्या बायका शाली पांघरून बसलेल्या आणि कुसुमताई घामाने डबडबलेल्या. शेजारच्या तेजस्विनीने त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि हार्मोनच्या पॅचचं पाकीट पुढे धरलं.

"पाळी गेल्यावर माझीही हीच गत होती. पोटावर चिकटवायचा, शांत झोप लागते. हेच तुमचं वाण."

"डॉक्टरांना न विचारता?"

"ते पहिलं हेच विचारतात, छातीत कधी कॅन्सरची गाठ निघाली होती का. निघाली असेल तर हे जिवावर बेततं म्हणे. आपल्याला कुठे काय."

मागच्या वर्षी कुसुमताई लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, असंच सोसायटीला ठाऊक होतं.

डावीकडे, जिथे आता काहीच उरलं नव्हतं, तिथे त्यांनी पदर सारखा केला. मग त्याच पदराचं टोक वाणासाठी पुढे केलं.