शिवेवरची डोली

“परत मेली,” कान्हा म्हणाला आणि माउस सोडून खुर्चीत मागे रेलला.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली होती : बाई वाटेत गेली. बाळ गेलं. पुन्हा खेळायचं?

“ओढ्याकडून कशाला गेलास?” प्रतिक्षा म्हणाली. “पाणी चढलेलं दिसत होतं ना?”

“मग काय वरून जाऊ? वरच्या वाटेनं गड्यांचा दम जातो. काल तू तेच केलंस, मॅडम. तुझी बाई तर खिंडीच्या पुढं पण नाय गेली.”

जव्हारच्या त्या कॉम्प्युटर क्लासमध्ये दुपारची बॅच सुटली की हे तिघंच उरत. प्रतिक्षा तिथे शिकवायची. कान्हा मोखाड्याकडच्या पाड्यावरून टायपिंग शिकायला यायचा. उमेश बी.एस्सी. होऊन तिथलीच मशीन्स सांभाळायचा, आणि हा खेळ त्यानेच लिहिला होता.

खेळ दिसायला अगदी साधा. चौकोन म्हणजे झोपड्या, ठिपका म्हणजे डोली. सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावर बाई अडलेली आहे, तिला खाली दवाखान्यात न्यायचं. कोणती वाट धरायची, किती गडी घ्यायचे, कुठे थांबायचं, ते खेळणाऱ्याने ठरवायचं. शेवट मात्र बरेच होते. नेमके किती, ते उमेशलाही माहीत नव्हतं. त्याने चढ-उतार, पाण्याचा जोर, गड्यांचा दम, बाईची ताकद एवढंच आत भरलं होतं. पुढचं गणित मशीन करायचं.

“गोष्ट खरी आहे,” त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. “त्या बाईचा नवरा अजून आहे. आपलं चुकलं म्हणून ती गेली, असं ते आजही म्हणतात. दुसरा काही मार्ग होता का, एवढंच त्यांना कळायला हवंय. शोधून देतो म्हणालोय मी.”

तेव्हापासून प्रतिक्षाला तो नुसता खेळ वाटेनासा झाला.

आतापर्यंतचा त्यातल्या त्यात बरा शेवट कान्हाने काढला होता. बाळ जगतं, आई जाते. खरंही तसंच घडलं होतं.

“तोच धरून चाल की,” कान्हा म्हणाला. “एक जीव तरी राहतो.”

“तो शेवट मला नको,” उमेश म्हणाला. “ती जगायला पाहिजे.”

“देवाशी पण इतकी घासाघीस कोणी करत नाय, उमेशभाऊ.”

उमेश हसला नाही. प्रतिक्षाने माउस आपल्याकडे ओढला आणि नव्याने सुरुवात केली. मधली वाट, तगडे गडी, बरोबर सुईण. डोली पाड्याच्या शिवेवर आली आणि पडद्यावर प्रश्न आला : थांबायचं, की पुढे जायचं? तिचं बोट सवयीने ‘थांबा’कडे गेलं आणि अडलं.

“इथे आपण दर वेळी थांबतो. का?”

कान्हाने तिच्याकडे असं बघितलं, जणू तिने चूल का पेटवतात असं विचारलं होतं.

“का म्हणजे? शीव आहे ती. आपले गडी शिवेपर्यंत. तिथून पुढच्या पाड्याचे खांदा देतात. त्यांना डावलून डोली पुढं नेली तर त्यांच्या तोंडात मारल्यासारखं होतं. उद्या तुझ्या घरात कोणी अडलं तर येईल का कोण?”

“पण ते यायला वेळ लागतो.”

“लागणारच. निरोप जाणार, गडी रानातून येणार. तोवर सुईण बाळ सोडवते. म्हणून तर बाळ वाचतं.”

“आणि बाईचं रक्त जात राहतं.”

प्रतिक्षा जव्हारची, कारकुनाची मुलगी. तिने कधी डोलीला खांदा दिलेला नव्हता, की शिवेवर कुणाची वाट बघितलेली नव्हती. तिने ‘पुढे जा’ दाबलं.

“आयला, शिव्या खाशील!” कान्हा म्हणाला, पण पुढे सरकून बसला.

ठिपका शीव ओलांडून गेला. गड्यांचा दम उतरत चालला. उतारावर ठिपका अडखळला, रेंगाळला, परत हलला. डोली कुठेच खाली टेकली नाही.

मग अक्षरं आली : बाळ वाटेत गेलं. बाई दवाखान्यात पोचली. बाई वाचली.

प्रतिक्षाचा हात माउसवरच राहिला. हा शेवट सापडला की आपण टाळ्या वाजवू, असं तिला वाटलं होतं. उमेश तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. त्याने अक्षरं वाचली, पुन्हा वाचली. तीच चाल त्याने स्वतः खेळून बघितली. मशीनने तेच उत्तर दिलं.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. त्याचा चेहरा कधी नव्हे इतका निवांत झाला होता.

“बाळाचं वाईट झालं पण,” कान्हा पुटपुटला. या वेळी त्याने थट्टा केली नाही. एसटी चुकेल म्हणून तो पिशवी उचलून निघून गेला.

प्रतिक्षाने दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

“उमेश, त्यांना हे सांगू नकोस. रीत पाळली म्हणून बायको गेली, हे कळून माणूस जगेल कसा? दुसरा मार्ग नव्हताच म्हणून सांग.”

“शोधून देतो म्हणालोय.”

“मग अर्धवट तरी सांगू नकोस. थांबले म्हणून बाळ जगलं, हेही सांग. त्या बाळाकडे बघून तरी त्यांना वाटेल, की केलं ते वाया गेलं नाही.”

“बघतात ना,” उमेश मशीन बंद करत म्हणाला. “रोज जेवायला मी त्यांच्या समोरच बसतो.”