विणकामाच्या तासातली झोप

निवाऱ्यातली ती चार वर्षांची मुलगी दिवसा झोपत नसे, रात्री जेमतेम डुलकी काढी. विणकामाच्या तासाला मात्र आईच्या पायाशी, नुसत्या फरशीवर, ती गाढ झोपे.

निवाऱ्याच्या परिचारिकेचा योगायोगावर विश्वास नव्हता. बेघर आयांसाठी हा तास सुरू झाला तेव्हाच तिने नाक मुरडले होते: डोक्यावर छप्पर नाही, आणि म्हणे विरंगुळा. आता तिच्या मनात वेगळीच पाल चुकचुकली. निवांत विणता यावे म्हणून आई पोरीला गुंगीचे औषध तर पाजत नसेल? तसे निघाले तर वर कळवणे भाग होते, आणि कळवले की मूल आईजवळ राहत नसे.

म्हणून तिने आधी पडताळा घेतला. नाडी, श्वास, डोळ्यांच्या बाहुल्या, सगळे ठाकठीक. खोलीची ऊब कारण असेल म्हणून तास जेवणघरात हलवला. पोर तिथेही झोपली. मग विणकाम नसलेल्या दिवशी, त्याच वेळी, त्याच खोलीत मायलेकींना नुसते बसवले. पोर टक्क जागी. शेवटी तिने सरळ औषधाबद्दल विचारले. आईने पिशवी उलटी केली. लोकर, सुया, पोरीचा कंगवा.

"तुम्ही विचारलंत ते बरोबरच आहे, ताई," आई म्हणाली. "ती का झोपते ते मलाही ठाऊक नाही. पण तेवढीच झोपते हो. हा तास बंद नका करू."

पुढच्या तासाला परिचारिका मुलीशेजारी फरशीवर बसली. आई टाके मोजू लागली. एक सुटला, तशी ती पुटपुटली. बाजूच्या बाईने, स्वेटर विणतेयस की मासे धरायचं जाळं, म्हणून चिडवले. आई मान वर न करताच हसली. मुलीने जांभई दिली.

"रात्री का गं नाही अशी झोप येत?" परिचारिकेने हळूच विचारले.

"रात्री आई दाराकडे बघत बसते," मुलगी पेंगत म्हणाली. "कुणी आपल्याला उठवायला येतंय का म्हणून. मग मी पण बघते."

परिचारिकेने मान वर करून पाहिले. खोलीचे दार सताड उघडे होते, माणसे येत-जात होती. टाके मोजताना आईने एकदाही तिकडे पाहिले नव्हते.