आठवी खुर्ची

“अगं शाई, तू मागे,” मेट्रनबाई म्हणाल्या आणि पुढच्या रांगेतल्या शेवटच्या खुर्चीवर त्यांनी आपली पर्स ठेवली.

शाई मागे गेली. तिचं खरं नाव अर्थातच शाई नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी ती या इस्पितळात नर्स म्हणून लागली त्या दिवशी कुणीतरी रंगावरून ते ठेवलं, सगळे हसले, तीही हसली, आणि ते चिकटलं. आता सगळे तिला प्रेमानं शाई म्हणत. मेट्रनबाई बाकीच्या स्टाफला अहो-जाहो करत. शाईला अगं-तुगं, तेही प्रेमानंच. तिचे आजोबा याच शहरात जन्मले होते. तरी दर नवा पेशंट तिला विचारायचा, “मूळच्या कुठल्या तुम्ही?”

आजचं शिबिर नेमकं याच विषयावर होतं. वंशभेद. वरून परिपत्रक आलं होतं. शिबिर घ्यायला आलेल्या बाई मोठ्या उत्साही. त्यांनी कापडी पिशवीत सोळा फिती टाकल्या होत्या, आठ हिरव्या, आठ पिवळ्या. न बघता एक काढायची आणि मनगटाला बांधायची. हिरव्यांनी पुढे खुर्चीत बसायचं, कपबशीतून चहा घ्यायचा, मनात येईल ते बोलायचं. पिवळ्यांनी मागे भिंतीपाशी उभं राहायचं. टेकायचं नाही. उरलेला चहा कागदी कपातून. बोलायचं असेल तर हात वर करायचा, बाईंना वाटलं तर परवानगी. हे सगळं चाळीस मिनिटं.

शाईनं फीत बांधली होती. नर्सच्या बाह्या कोपराच्या वर, हातात बांगडी नाही, घड्याळ नाही. वॉर्डाचा नियमच तो. उघड्या मनगटावर फीत एकटीच होती.

आज तिला चुकायचं नव्हतं. वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरची जागा रिकामी होती आणि तिचा अर्ज तिसऱ्यांदा मेट्रनबाईंच्या फाइलीत होता. आधीच्या दोन्ही अर्जांवर शेरा एकच. ‘काम उत्तम. स्वतःहून पुढे येत नाही.’ या खेपेला शिबिरातलं वागणं बघून ठरवणार, असं मेट्रनबाईंनीच सांगितलं होतं. त्यासाठी त्या कोपऱ्यात कागद-पेन घेऊन बसल्या होत्या.

खेळ सुरू झाला. पाचव्या मिनिटाला नोंदणी खिडकीवरचा कारकून, जो रोज शे-दोनशे माणसांना बिनदिक्कत उभं ठेवतो, तो या पायावरून त्या पायावर होऊ लागला. दहाव्या मिनिटाला लॅबवाल्याचे कान लाल झाले. “सव्वीस वर्षं सर्व्हिस झाली माझी,” तो पुटपुटला. “आणि मला भिंतीशी उभं करतात.” फिजिओथेरपीवाली गार चहाकडे बघून मुसमुसायला लागली. अपमानाची सवय नसली की तो असा पहिल्या घोटालाच बाधतो.

शाईनं हात वर केला. बाईंनी लॅबवाल्याला बोलू दिलं. तिनं पुन्हा केला. बाई म्हणाल्या, “थांब जरा.” तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा त्या काही म्हणाल्याच नाहीत. मेट्रनबाईंनी मान वर करून एकदा तिच्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. पुढच्या रांगेत पर्स आरामात होती.

शेवटी बाईंनी टाळी वाजवली. “संपलं. आता मन मोकळं करा.”

मागच्यांनी केलं. भरपूर केलं. कारकुनाला तर आवरेना. चाळीस मिनिटांचा त्रास सांगायला त्याला पंधरा मिनिटं लागली. मग बाई शाईकडे वळल्या. आवाज मऊ झाला. तासाभरात त्यांनी तिचं टोपणनावही उचललं होतं.

“शाई, तू सांग. तुझ्याकडून ऐकायला हवं सगळ्यांनी.”

“काय सांगू,” शाई म्हणाली. “खुर्ची समोर दिसत होती. मी तिच्यापर्यंत गेले होते. मागे जा म्हणाले, गेले. का, ते विचारलं नाही. विचारलं की म्हणतात, हिला जिथंतिथं तेच दिसतं. मग हात वर केला. चारदा. हात सगळ्यांच्या समोर होता. बघितलं कुणीच नाही.”

पुढच्या रांगेत कुणीतरी डोळे पुसले. “अगदी माझ्या मनातलं बोललीस,” कारकून म्हणाला. मेट्रनबाई उठून आल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवला.

“किती छान बोललीस गं. इन्चार्जचं मात्र या वेळी अवघड दिसतंय हं. तिथं धडाडी लागते, आणि आजही तू आपली मागे मागेच. पण बाईंच्या पुढच्या सगळ्या शिबिरांना मी तुलाच पाठवणार. हा विषय तुझ्याइतका कुणाला कळणार?”

तिकडे बाई फिती गोळा करून मोजत होत्या.

“पिवळ्या आठ. हिरव्या सात.” त्यांनी पिशवी उलटी करून झटकली. “एक हिरवी कुठं गेली? घरी नेऊ नका हं कुणी.”

सगळे खिसे चाचपू लागले. कारकून वाकून पर्सच्या खुर्चीखालीसुद्धा बघून आला.

शाईनं हात वर केला. पाचव्यांदा. मनगटावर हिरवी फीत होती, पहिल्यापासून होती. तिनं ती सोडली आणि मेट्रनबाईंच्या हातातल्या कागदावर, आजच्या ताज्या शेऱ्यावर ठेवली.

“पुढे येत नाही, असं लिहिता ना तुम्ही,” ती म्हणाली. “मघाशी आले होते. तिथं तुमची पर्स बसली होती.”