मागाजवळची बोली

“आई, मुलांना हे मुक्यासारखे हातवारे शिकवू नका. विमानात लोक हसतील!” अमेरिकेला परत निघालेली सून धनश्री कडाडली.

“याच हातवाऱ्यांवर तुझा नवरा शिकला गं!” मालतीबाईही भडकल्या. सुरतेतल्या उधन्याच्या ज्या कापड कारखान्यात त्यांनी काम केलं, तिथे मागांच्या खडखडाटात बोललेलं ऐकूच येत नसे, म्हणून बायका खुणांनीच बोलत. ओंजळ म्हणजे पाणी. मिशीला पीळ म्हणजे मुकादम आला, गप्प बसा.

आठवड्याने अमेरिकेहून फोन आला, तरी सुनेचा राग उतरला नव्हता.



“एवढ्या लांबच्या प्रवासात दोघं खुणांनीच खेळली, एकदाही रडली नाहीत, कबूल. पण मी जरा वळून पाहिलं, की नसलेल्या मिशीला पीळ देऊन दोघंही गप्प! म्हणजे काय हो, आई?”