जोहराचं मत

लातूर जिल्हा नवा झाला होता. मालकानं सोडलेली डाळमिल बायांनी सोसायटी करून चालवायला घेतली होती. पण दुष्काळात तूरच येईना. पाऊस पडेपर्यंत मिल बंद ठेवायची का, यावर सभा भरली. सगळ्यांचे हात वर गेले. जोहराचा तेवढा मांडीवरच राहिला.

"का गं जोहरा?" अध्यक्ष सिद्धम्मानं विचारलं. "तूर कुठून आणायची?"

"तूर नसू दे, अक्का. तुम्ही समद्या घरी जाल. माझ्या घरात बोलायलाबी कोणी न्हाई."

ठराव मात्र मंजूर झाला आणि मिलला कुलूप लागलं.

दुसऱ्या सकाळी न राहवून जोहरा मिलवर गेली. बंद दारासमोर सिद्धम्मा एकटीच भाकरीचं फडकं सोडून बसली होती.

"बस," ती सरकत म्हणाली. "मला सभेत बोलायचं धाडस झालं न्हाई गं."