बरोबर निघालेली काडतुसं

"काडतुसातली गोळी उपटायचं काहीतरी दे. ठोकून गोळी बाहेर काढायची माझी हातोडी फुटली." मोंटानातल्या बंदुकांच्या दुकानात ऑर्विल टोपीही न काढता शिरला.

"किती बिघडवलीत?" दुकानदार मार्लिसनं विचारलं.

"एकच. घरी काडतुसं भरत असताना फोन आला, त्या नादात एकात दोनदा दारू ओतली गेली. कुठल्या, ते कळत नाही."

"दुप्पट दारूनं बंदूकच फुटते हातात. म्हणजे सगळीच उघडायची. मग काडतुसं भरायच्या प्रेसवर बसणारा चिमटा घ्या. ठोकून ठोकून खांदा जाईल तुमचा."

"प्रेस घरी आहे. तिथवर दम निघणार नाही. हातोडीच दे."

त्यानं उरलेली काडतुसं काउंटरवर ओतली आणि उभ्याउभ्याच ठोकायला लागला.

"आतापर्यंत किती उघडली?"

"एकतीस. सगळी बरोबर निघाली."

"मग चांगलंच की. तोंड का पाडलंय?"

बत्तिसाव्यातूनही मापातच दारू सांडली. ऑर्विलनं तेहेतिसावं उचललं.

"त्याच वेळी भरलेला दुसरा डबा घेऊन पोरगी पहाटेच हरणाच्या शिकारीला गेलीय. डोंगरात फोन लागत नाही."

मार्लिसनं भिंतीवरची दुसरी हातोडी काढली. "अर्धी इकडे सरकवा."